वसई, कान्हेरी आणि ओंकारेश्वराजवळची समाधी : पुण्याहून जाऊन केलेले दोन दिवस

मुठाकाठ

मंडळी, नमस्कार.

शाळेत असताना रोज पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या देवळावरून जायचे-यायचे. तिथे चिमाजी अप्पांची, म्हणजे पोर्तुगीजांकडून वसई जिंकणाऱ्या थोरल्या बाजीरावांच्या धाकट्या भावाची, समाधी आहे हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा तर अजूनही तिथून जाताना दोन मिनिटं चपला काढून उभे राहतात. ते इतिहासाचे शिक्षक. सारी नोकरी वसईची मोहीम शिकवण्यात गेली आणि वसई मात्र एकदाही बघितली नव्हती. आधी संसार, मग आईचं आजारपण, राहूनच गेलं. गेल्या महिन्यात त्यांना त्र्याहत्तरावं लागलं, तेव्हा म्हटलं आता पुरे, जायचंच.

मुंबईला आपण हजारदा जातो. व्हिसाचं काम, कुणाचं लग्न, विमानतळ. गेटवे आणि राणीचा हार बघून परत. या वेळी शनिवारी वसईचा किल्ला, रविवारी कान्हेरीची बौद्ध लेणी, आणि मधे दुसरं काहीही नाही, एवढंच ठरवलं होतं. मुक्काम बोरिवलीला मावशीकडे.

वसई रोडला उतरून रिक्षाने किल्ला बंदरला गेलो. आपल्या डोळ्यांना किल्ला म्हणजे डोंगर, चढ, बुरूज. सिंहगडाची सवय. इथे चढ नाहीच. सपाट जमीन, ताडाची झाडं, आणि रस्ता चालता चालता तुम्ही कधी तटाच्या आत आलात ते कळतही नाही. हा आख्खा गाव होता, तटाच्या आतला. चर्च, मठ, दवाखाना, कचेऱ्या, घरं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसई मिळवली आणि पुढची दोनशे वर्षं इथे राहिले. त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं हे मुख्य ठाणं.

सेंट जोसेफच्या मनोऱ्यात गोल गोल फिरत जाणारा अरुंद जिना आहे. मी वर गेले, बाबा खाली थांबले. वरून दिसतं की तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल आहे, जमिनीची वाट एकाच बाजूने. खाली येऊन बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हेच मी फळ्यावर काढायचो. पण खाडी एवढी रुंद काढली नव्हती कधी."

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये छत गेलंय, कमानी शाबूत आहेत. जमिनीवर थडग्यांच्या फरशा आहेत, सगळ्या अक्षरांनी भरलेल्या. आपण त्यांच्यावरूनच चालत असतो. बाबा एका फरशीपाशी बसले, रुमालाने धूळ आणि वाळका पाला बाजूला केला आणि बोटाने एकेक अक्षर चाचपत गेले. भाषा येत नाही, पण साल वाचता येतं. बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, "मी मुलांना इतके मेले, तितके पडले असं सांगत आलो. यांची नावं होती हे कधी सांगितलं नाही."

मला वसई तिथे दिसली.

तटाखाली सुरुंग लावून सेबॅस्टियन बुरूज उडवला, ते बाबांनी चालता चालता सांगितलं. १७३७ ला सुरू झालेली मोहीम १७३९ च्या मे महिन्यात संपली. तहात पोर्तुगीजांना आपलं सामानसुमान घेऊन मानाने जाऊ दिलं, हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले आणि डिसेंबरमध्ये अप्पा. वसई घेणारा माणूस वसईनंतर दोन वर्षंही जगला नाही.

रविवारी कान्हेरी. त्याबद्दल सवडीने लिहिते, बोटं दुखली. पण एक आत्ताच सांगते. बोरिवलीच्या गर्दीतून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या आत शिरलो आणि पाच मिनिटांत हवा बदलली. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या मधोमध, त्यात बिबटे, दोन तलाव आणि शंभराहून जास्त लेणी. हे आपल्यापासून तीन-साडेतीन तासांवर आहे आणि मी चाळिशी उलटेपर्यंत बघितलं नव्हतं.

फेब्रुवारीत पुन्हा जायचंय, बाबांना घेऊनच. वसई-कान्हेरीच्या आसपास अजून काय बघावं? फार चढ नसलेलं सुचवा.

रानजाई

वाचनखूण साठवली. थडग्यांचं वाचून गलबलून आलं. कान्हेरीचं लवकर लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घाटउतार

छान लिहिलंय, पण एक मत मांडतो. दोन दिवसांत दोनच जागा म्हणजे फार कमी. आम्ही पहाटे चारला गाडी काढून एका दिवसात घारापुरी, वांद्र्याचा किल्ला आणि सायनचा किल्ला केला होता. वसई अर्ध्या दिवसात आरामात होते. पुण्याहून एवढं जायचं तर वसूल करावं.

मुठाकाठ

@घाटउतार, तुमची धाव मोठी आहे, पण मला नाही पटत. बाबा त्या एका फरशीपाशी बसले तो वेळ "वसूल" करायच्या यादीत कुठे बसवणार? बांद्रा १६४० चा, पोर्तुगीजांचा. सायनचा इंग्रजांचा. दोन्ही बघण्याजोगे आहेत, पण एका दिवसात चार दगडी भिंती बघितल्या की संध्याकाळी कुठली कुणाची ते आठवत नाही. मी स्वतः पूर्वी असंच फिरले आहे, फोटो आहेत आणि आठवण एकही नाही.

शिवाय गाडी कशाला? वसई-बोरिवली लोकलने अर्ध्या तासाच्या आत. त्यात वसईच्या खाडीवरचा पूल लागतो, मधे पाणजू बेट. दारात उभं राहून ती खाडी बघितली तरी मोहीम अवघड का होती ते समजतं.

रूळबदल

प्रवासाचं मी सांगतो, नेहमीचा आहे.

पुण्याहून सकाळच्या गाडीने दादर, तिथे पश्चिम मार्गाची विरार लोकल. सोपा रस्ता हाच. शनिवारी सकाळी विरारकडे जाणाऱ्या लोकलला बसायला जागा मिळते, कारण गर्दी उलट दिशेला असते. दुसरा रस्ता, कल्याणला उतरून पुढे दिव्याला जायचं आणि दिवा-वसई गाडी पकडायची. भिवंडीवरून जाते, वाटेत मिठागरं आणि हिरवा पट्टा लागतो, पण दिवसाला मोजक्याच गाड्या, तेव्हा वेळ बघूनच. पुण्याहून गुजरातकडे जाणाऱ्या काही गाड्याही वसई रोडला थांबतात, त्यांच्या वेळा आपल्याला सोयीच्या असतील तर ज्येष्ठांसाठी सर्वांत उत्तम, जिने चढ-उतर वाचते.

कान्हेरीला बोरिवली पूर्वेला उतरा. मेट्रोचं तर "राष्ट्रीय उद्यान" नावाचं स्टेशनच आहे. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद. घारापुरीही सोमवारीच बंद. शनिवार-रविवारला सोमवार जोडून सुट्टी टाकणाऱ्यांची इथेच फसगत होते.

किल्लाबंदरची_लेक

मी वसईची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. पिंपळे सौदागरला राहते. सहसा इथे लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

मुठाकाठताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. पुण्याची माणसं वसईबद्दल बोलतात तेव्हा ती विजयाची गोष्ट असते, आणि ती असावीच. आम्हीही चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी शाळेतून जात होतो. पण माझ्या आजीसाठी तो किल्ला म्हणजे बोंबील वाळत घालायची जागा होती, आणि पडक्या चर्चपाशी क्रूस करून मग पुढे जायची जागा होती. गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. इथून जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत झाले. त्यांच्या नावाचं किल्ल्यातलं चर्च दुरुस्त केलेलं आहे, सणाला तिथे मिस्सा होते.

एक कळकळीची विनंती आहे. तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, झगे, धुराच्या नळकांड्या, ड्रोन. वेदीच्या जागेवर उभं राहून काढलेले फोटो मी बघितलेत. छत नाही म्हणून ती जागा कुणाची नाही असं होत नाही. तुम्ही ज्या फरशीवरची धूळ पुसलीत तिथेच मागच्या वर्षी केकची क्रीम सांडलेली मी माझ्या हाताने पुसली.

आणि हो, येताना होळी बाजारात किंवा गावात सुकेळी विचारा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, पानात गुंडाळून बांधतात. मधासारखा रंग येतो. आता फार थोड्या घरांत करतात. माझी आई करायची तेव्हा अंगणात वरून मच्छरदाणी ताणलेली असायची, माश्या बसू नयेत म्हणून, आणि आम्हा भावंडांची पाळी राखणीला. संध्याकाळी केळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा उन्हात.

मुठाकाठ

ताई, काय बोलू. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिला सांग, मी वर्गात असतो तर हे पुढच्या तासाला सांगितलं असतं." सुकेळी फेब्रुवारीत नक्की शोधू.

कान्हेरीचं आता लिहिते. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. बसने गेलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण खालची महत्त्वाची लेणी फार वर नाहीत. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह (आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं) बघताच बाबा म्हणाले, "हे तर कार्ले!" खरंच तसंच, आकाराने लहान. ओसरीत दोन बाजूंना दोन बुद्ध, मान मागे करून बघावं लागतं एवढे उंच, वीसेक फूट तरी. आतले काही खांब नक्षीने भरलेले, आणि काही अगदी साधे अष्टकोनी सोडून दिलेले. काम मधेच थांबलं असणार.

पण मी अडकले ती पाण्यापाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाहेर, पायरीशेजारी, कातळात खोदलेलं टाकं. आणि वर बघितलं तर दारावरच्या कातळात बोटभर रुंदीची पन्हळ कोरलेली, पावसाचं पाणी दारावर न पडता कडेला वळून टाक्यात जाईल अशी. मी त्या पन्हळीतून बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत लागते. डिसेंबरात काही टाक्यांमध्ये पाणी होतं. आमच्या सोसायटीला मार्चपासून टँकर लागतात.

कातळखूण

या धाग्याची वाट बघत होतो. लेणी हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

त्या टाक्यांना कान्हेरीच्या शिलालेखांत "पोढी" म्हटलंय. ब्राह्मी लेखांत दानाचा उल्लेख येतो : अमक्या गावच्या अमक्याने लेणं आणि पोढी दान दिली. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचेही. म्हणजे व्यापारी माणसं. इथे राहणाऱ्या भिक्षूंना वर्षाला चार महिने पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे, तेव्हा पाण्याचं दान हे लेण्याइतकंच मोलाचं. मुठाकाठताईंनी पन्हळीला हात लावला हे फार आवडलं. लोक बुद्धाचा फोटो काढतात आणि पन्हळीखालून निघून जातात.

चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं. ओसरीतले उंच बुद्ध मात्र कित्येक शतकांनी नंतरचे. एकाच ओसरीत दोन काळ उभे आहेत. पुढच्या वेळी ४१ वं लेणं चुकवू नका, तिथे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. आणि ९० व्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. लेणी बघायला आलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवलीत. इराणी वळणाची नावं आहेत. हजार वर्षांपूर्वीही लोक इथे फिरायला, बघायला येत होते याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचित सापडतो.

पुणेकरांना एक सांगावंसं वाटतं. हा किनारा आणि आपला जिल्हा यांची दोरी एकच होती. सोपारा-कल्याणच्या बंदरातून माल नाणेघाटाने जुन्नरला चढायचा. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत, ती मंडळी त्याच वाटेने वर आली. तेव्हा वसईला जाल तर पुढच्याच स्टेशनावर, नालासोपाऱ्याला उतरा. पश्चिमेला "बुरुड राजाचा कोट" विचारा. विटांचा स्तूप आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी आणि आठ कांस्य बुद्धमूर्ती निघाल्या. त्याच सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आज बघायला मातीचा आणि विटांचा उंचवटा एवढंच आहे, अजिबात चढ नाही. बाबांना नक्की न्या.

कोथरूडची_आजी

मला दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे. कान्हेरी जमेल का? खोटं सांगू नका.

मुठाकाठ

आजी, खरं सांगते. दुसरं, तिसरं आणि अकरावं लेणं तुम्ही काठी आणि एक हात धरून बघू शकाल. अकरावं म्हणजे दरबार लेणं, आत दोन लांबच लांब दगडी बाकं आहेत, सबंध दालनभर. वरच्या डोंगराला जाऊ नका, पायऱ्या कातळात खोदलेल्या आणि कडेला आधार नाही. बाबाही गेले नाहीत, ते खालीच झाडाखाली बसले. फक्त हातात खाण्याची पिशवी दिसू देऊ नका, माकडं सरळ अंगावर येतात. पावसाळ्यात तुम्ही अजिबात जाऊ नका, शेवाळ असतं.

टेकडीवाला

झाडांचं कुणी बोललं नाही म्हणून मी.

बोरिवलीच्या जंगलात कारवी २०२४ मध्ये फुलली होती. आठ वर्षांनी एकदा, त्याआधी २०१६ ला. आता २०३२. ज्यांची लहान मुलं आहेत त्यांनी वहीत लिहून ठेवा.

पण मला सांगायचंय ते माहीमच्या निसर्ग उद्यानाबद्दल. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकर. तिथे शहराचा कचरा टाकला जायचा. कचऱ्यावर माती घालून झाडं लावत लावत १९९४ ला ते लोकांसाठी खुलं झालं. मी हडपसरचा आहे. फुरसुंगी-उरुळीच्या कचरा डेपोकडून वारा सुटला की खिडक्या लावून घेतो आम्ही. त्या उद्यानात करंजाच्या सावलीत उभा राहिलो, पायाखाली कचऱ्याचा डोंगर आहे हे माहीत असताना वर तांबट पक्ष्याचा ठोका ऐकला, आणि इतका वेळ हललो नाही की सोबतचे शोधायला आले. आपल्याकडे हे का होऊ नये, हा प्रश्न घेऊन मी परत आलो आणि तो अजून डोक्यात आहे.

फेब्रुवारीत जाणार असाल तर ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघा. भरती-ओहोटीच्या हिशोबाने बोटी सुटतात, आधी नोंदणी करावी लागते. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आपण भिगवणला बघतो तेच पक्षी, पण मागे कारखाने आणि उंच इमारती. बाबांना बसून बघता येईल.

घाटउतार

मी वर अर्ध्या दिवसात वसई होते म्हणालो होतो. ताईंनी आणि वसईच्या ताईंनी लिहिलेलं वाचून काल रात्री माझे जुने फोटो काढून बघितले. सायनच्या किल्ल्याचा एकही फोटो मला सांगता आला नाही की कुठे उभं राहून काढलाय. मी पुन्हा जातो, या वेळी फक्त वसई.

एक भर घालतो. ज्या वसईत अप्पांनी १७३९ ला झेंडा लावला, तिथेच ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. होळकरांनी ऑक्टोबरात पुण्याजवळ पराभव केल्यावर पळत पळत तो तिथे पोचला होता. थोरल्या बाजीरावांचा हा नातू. आजोबांच्या भावाने जिंकलेल्या किल्ल्याच्या सावलीत बसून राज्य लिहून दिलं. किल्ल्यात गेलो तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर अर्ध्या दिवसात निघालोच नसतो.

रूळबदल

@मुठाकाठ, घारापुरीला पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि लाँच एक तासाची. त्याऐवजी बाबांना राणीच्या बागेत न्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. इंग्रजांनी १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला होता, उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून इथे राहिला. जवळ जाऊन बघितलं की सांधे दिसतात. बाग १८६१ पासूनची, जुनी झाडं आहेत. बुधवारी बंद.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारीचं ठरलं : पहिला दिवस नालासोपाऱ्याचा स्तूप आणि पुन्हा वसई, दुसऱ्या दिवशी ऐरोलीची बोट. राणीची बाग पुढच्या वेळी.

मधल्या काळात अजून एक ठरलंय. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या, हे बाबांनी सांगितलं. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, आणि एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर. मेणवली तर आपल्याला सकाळी जाऊन दुपारी परत. पुढच्या रविवारी निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. किल्लाबंदरच्या ताई, एक तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. सकाळी साडेसहाला ओंकारेश्वराच्या दारात या, बाबा समाधीपाशीच असतील.

किल्लाबंदरची_लेक

येते. पहिली बस पकडून. आईने पाठवलेली थोडी सुकेळी शिल्लक आहेत, बाबांसाठी आणते.